दुसऱ्या गावातली प्रत

डेटाची एक नक्कल दूर कुठेतरी ठेवायची, ही रीत चुंबकीय टेपइतकीच जुनी. रात्री कामकाज आटोपले की दिवसभराच्या नोंदी टेपवर उतरायच्या आणि सकाळी त्या टेपा गाडीत घालून दुसऱ्या इमारतीतल्या तिजोरीत जायच्या. १९७८ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला, संगणक बंद पडलेल्या कंपन्यांना भाड्याने वापरता येईल असे तयार केंद्रही उभे राहिले. त्यातूनच पुढे सनगार्ड ही कंपनी वाढली. पण टेपेची मर्यादा उघड होती. दुपारी तीनला आग लागली, तर हाती उरायचा तो आदल्या रात्रीपर्यंतचा हिशेब. शिवाय टेपा लावून तो परत उतरवण्यात तास नव्हे, दिवस जात.

ही अडचण स्टोरेजनेच सोडवली. ईएमसी कंपनीने १९९० मध्ये सिमेट्रिक्स हे डिस्कचे कपाट बाजारात आणले आणि १९९४ मध्ये त्याला एसआरडीएफ ही सोय जोडली. एका कपाटात लिहिलेली प्रत्येक गोष्ट तारेवरून दुसऱ्या गावातल्या कपाटात आपोआप लिहिली जाई. वर चाललेल्या संगणकाला याचा पत्ताही नसे. नक्कल करण्याचे काम कपाटाच्या आतच होई. आयबीएम आणि हिताची यांनीही लवकरच आपापल्या पद्धती आणल्या.

यात दोन रीती पडल्या. पहिलीत दूरच्या कपाटाकडून पोच आल्याशिवाय ‘लिहिले’ असे उत्तर मिळत नाही. एकही नोंद बुडत नाही, पण प्रत्येक नोंदीला थांबावे लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे शंभर किलोमीटरवर जाऊन यायला एक मिलिसेकंद. ऐकायला किरकोळ वाटते, पण दिवसाला लाखो वेळा लिहिणाऱ्या बँकेला हा मिलिसेकंद जड जातो. म्हणून ही रीत बहुधा शहर आणि आसपासच्या टापूपुरतीच राहिली. दुसऱ्या रीतीत पोच लगेच दिली जाते आणि नक्कल मागून जाते. अंतराचे बंधन सुटते, पण शेवटची काही सेकंदे किंवा मिनिटे बुडू शकतात.

खरी गोम मात्र क्रमात होती. डेटाबेस आधी किर्दीत नोंद करतो, मग खतावणीत. दोन्ही वेगवेगळ्या डिस्कवर असतात. पलीकडे खतावणी आधी पोचली, किर्द वाटेतच राहिली आणि नेमकी तेव्हा तार तुटली, तर ती प्रत दिसायला शाबूत आणि आतून नासकी. म्हणून एकमेकींवर अवलंबून असलेल्या डिस्क एका गटात बांधायच्या आणि थांबवायच्या तर सगळ्या एकाच क्षणी, असा नियम पडला. रेप्लिकेशन, म्हणजे ही दूरची नक्कल, लावताना हा गट चुकला, तर त्याचा पत्ता संकट आल्यावरच लागतो.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर अंतराचा प्रश्न ऐरणीवर आला. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने इतर नियामकांसह एक मार्गदर्शक टिपण काढले. त्यात मैलांचा आकडा नव्हता. पर्यायी केंद्र मूळ केंद्राच्याच वीज, पाणी, दूरसंचार आणि वाहतुकीवर अवलंबून नसावे, असे म्हटले होते. आकड्यापेक्षा ही कसोटी शहाणपणाची म्हणावी लागेल.

त्याच सुमारास सर्व्हरचे रूप बदलत होते. व्हीएमवेअर कंपनीने २००१ मध्ये एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर (व्हीएम) चालवणारे ईएसएक्स हे सॉफ्टवेअर आणले आणि अख्खा सर्व्हर म्हणजे डिस्कवरच्या काही फायली, असे झाले. फायली पलीकडे पोचल्या म्हणजे सर्व्हर पोचला, असा हिशेब सोपा वाटला. प्रत्यक्षात ईएसएक्स त्या प्रतीला हातच लावेना. या फायली ज्यात असत त्या डेटास्टोअरच्या शीर्षनोंदीत मूळ लनची, म्हणजे कपाटाने दिलेल्या डिस्कच्या भागाची, ओळख लिहिलेली असे. दुसऱ्या कपाटातल्या लनची ओळख वेगळी, म्हणून ‘ही नक्कल आहे’ असे ठरवून तो ती बाजूला ठेवी. मग सेटिंग बदलून तिच्यावर नवी सही करायची. तसे केले की डेटास्टोअरच्या नावाआधी ‘स्नॅप’ आणि आकड्यांची माळ लागे, प्रत्येक व्हीएमचा पत्ता बदले, आणि एकेक व्हीएम हाताने पुन्हा नोंदवावी लागे. मध्यरात्री दोनशे व्हीएमसाठी हे करणारा माणूस चुकणारच.

२००८ मध्ये आलेल्या व्हीएमवेअरच्याच साइट रिकव्हरी मॅनेजरने नेमके हे काम उचलले. आधी डेटाबेस, मग त्यावरची प्रणाली, मग वेब सर्व्हर, असा चालू करण्याचा क्रम आधीच लिहून ठेवता येऊ लागला. व्हीएमवेअर तेव्हा ईएमसीच्या मालकीची होती. तरी कपाटाशी बोलणारा जोडभाग प्रत्येक स्टोरेज कंपनीने आपापला लिहायचा होता, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांची कपाटेही चालली. सर्वांत मोलाची ठरली ती चाचणीची सोय. पलीकडच्या प्रतीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली नक्कल, घेऊन, बंदिस्त नेटवर्कमध्ये सगळ्या व्हीएम चालू करून पाहायच्या. इकडचे काम आणि रेप्लिकेशन दोन्ही सुरूच. मूळ जागी परतायची आपोआप सोय मात्र २०११ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत नव्हती.

एक उणीव बराच काळ राहिली. कपाटाला लन कळतो, व्हीएम कळत नाही. एखाद्याने जागा कमी पडली म्हणून महत्त्वाची व्हीएम रेप्लिकेशन नसलेल्या डेटास्टोअरवर सरकवली, की कपाटाच्या दृष्टीने सारे ठीकच असते आणि त्या व्हीएमचे संरक्षण गुपचूप गेलेले असते.

मुंबईला या विषयाचा धडा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाला. माहीम-शीव रस्त्यावरच्या खोदकामामुळे राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्य केंद्र आणि शहरातलेच जवळचे पर्यायी केंद्र यांतील दूरसंचार जोडण्या डळमळल्या, असे बाजाराने नंतर सांगितले. त्यात स्टोरेजची यंत्रणा अनपेक्षितपणे वागली. सकाळी ११.४० ला व्यवहार थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. पर्यायी केंद्र चेन्नईतही होते, पण काम तिकडे हलवले गेले नाही. मार्चमध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीने नियम आवळले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे.

पर्यायी केंद्राची परीक्षा म्हणून २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजार मुद्दाम उघडला. सव्वानऊ ते दहा व्यवहार मुख्य केंद्रातून झाले आणि साडेअकरापासूनचे पर्यायी केंद्रातून, खऱ्या पैशांनिशी.