दादाजी–रखमाबाई खटला व विवाहमुक्तीनंतरचे जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात गाजलेला वैवाहिक अधिकारांविषयीचा खटला (१८८४–८८) व त्यातून मुक्त झाल्यावर डॉ. रखमाबाई (२२ नोव्हेंबर १८६४–२५ सप्टेंबर १९५५) यांनी इतरांच्या साहाय्याने उभारलेले आयुष्य. खटल्याची चर्चा समाजसुधारणेच्या इतिहासात पुष्कळ झाली आहे. त्यानंतरच्या सदुसष्ट वर्षांकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नसल्याने आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला व तत्पूर्वी पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजमधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या (१८८३) संस्थापकांपैकी एक होते. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. परंतु त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून त्यांनी स्वप्रयत्नाने शिक्षण चालू ठेवले. पत्नीने नांदावयास यावे म्हणून दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक अधिकारांच्या प्रत्यास्थापनाचा दावा लावला.

न्या. पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. उभयतांचा सहवास मुळात घडलेलाच नसताना तो पुन्हा चालू करण्याचा हुकूम देता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८८६ मध्ये सर चार्ल्स सार्जंट व न्या. बेली यांनी हा निर्णय फिरविला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा निर्णय दिला. त्यांनी कारावास पतकरण्याची तयारी दर्शविली. हिंदू धर्मशास्त्रात अशा शिक्षेला आधार नव्हता. प्रत्यास्थापनाचा दावा ही इंग्लंडच्या चर्च न्यायालयांकडून आलेली कल्पना होती, ही गोष्ट धर्मरक्षणाच्या नावाने निकालाचे समर्थन करणाऱ्यांनी फारशी विचारात घेतली नाही.

जुलै १८८८ मध्ये तडजोड होऊन दोन हजार रुपयांच्या मोबदल्यात दादाजींनी आपला दावा सोडला. व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, असे अनेकदा लिहिले जाते; तथापि प्रकरण मिटले ते या तडजोडीने. तिचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. रखमाबाईंना न्यायालयाकडून घटस्फोट मिळाला नव्हता. केवळ पतीची मागणी संपली होती. दादाजींनी लवकरच दुसरे लग्न केले. पुरुषाला ती मोकळीक कायद्याने होतीच. स्त्रीला मात्र नव्हती. त्यामुळे पुढील आयुष्याची उभारणी रखमाबाईंना पुनर्विवाहावर नव्हे, तर व्यवसायावर करावी लागली.

सखाराम अर्जुन १८८५ मध्येच निवर्तले होते. खटल्याच्या काळात बेहरामजी मलबारी यांनी वृत्तपत्रांतून बाजू लढविली होती. ‘ए हिंदू लेडी’ या टोपणनावाने १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात आलेली बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयीची पत्रे रखमाबाईंची होती. त्यांच्या साहाय्यार्थ बचाव समिती स्थापन होऊन निधी गोळा झाला. साहाय्यकर्त्यांचे हेतू सारखे नव्हते. काही इंग्रजांना या प्रकरणात हिंदू समाजाच्या मागासलेपणाचा पुरावा सापडला, तर टिळकांच्या पत्रांनी सुधारकांवर कडाडून टीका केली. या गदारोळात सर्वांत टिकाऊ मदत केली ती मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची यांनी. एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक होत्या. बहिष्कृत स्त्रीला सहानुभूतीपेक्षा विद्येची व अर्थार्जनाच्या साधनाची अधिक गरज असते, हे त्या स्वानुभवाने जाणत असाव्यात. वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग त्यांनी दाखविला आणि त्यासाठी निधी उभारण्यासही हातभार लावला. शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडमध्ये इव्हा व वॉल्टर मॅक्लारेन या दांपत्याने आधार दिला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या व १८९४ मध्ये अर्हता मिळवून परतल्या.

त्यानंतर त्यांनी सुरत येथे दीर्घकाळ व पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात काम केले. ज्या समाजाने त्यांच्या नावाचे खंडनमंडन केले होते, त्यातीलच स्त्रिया बाळंतपणासाठी व औषधोपचारासाठी त्यांच्याकडे येऊ लागल्या. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसल्याने या कामाची निकड मोठी होती. त्या पद्धतीविरुद्ध रखमाबाईंनी पुढे लेखनही केले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचा पांढरा वेष धारण केल्याचे सांगतात. ते खरे असल्यास, तडजोडीने संपलेले नाते रूढीच्या दृष्टीने सुटले नव्हते, याचा तो निदर्शक ठरतो.

प्रत्यास्थापनाचा हुकूमनामा न पाळल्याबद्दलची कारावासाची तरतूद १९२३ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा अधिकार १९४७ च्या अधिनियमाने मिळाला व १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह अधिनियम लागू झाला. प्रत्यास्थापनाची तरतूद मात्र त्याच्या नवव्या कलमात राहिली. रखमाबाई सु. १९३० मध्ये सेवानिवृत्त होऊन मुंबईस परतल्या होत्या. हा अधिनियम अंमलात आल्यानंतर चार महिन्यांनी तेथेच त्यांचे निधन झाले.