ब्राझिलिया : संहिता आणि समास

नियोजित राजधान्यांचा इतिहास बहुधा एका ठरावीक साच्यात सांगितला जातो : आरंभी शुद्ध कल्पना, नंतर व्यवहाराच्या दडपणाखाली तिचा ऱ्हास. ब्राझिलियाविषयीच्या लेखनात हा साचा विशेष रूढ आहे. कालक्रम काटेकोरपणे तपासला असता मात्र तो टिकत नाही. ज्याला ऱ्हास म्हटले जाते, ते या नगरीच्या उद्घाटनापूर्वीच घडून गेलेले होते.

राजधानी किनाऱ्यावरून अंतर्भागात न्यावी, ही कल्पना जुनी. जोझे बोनिफासिओ यांनी १८२३ मध्ये ती मांडली. १८९१ च्या राज्यघटनेने तिला कायद्याचे रूप दिले. प्रत्यक्षात ती आणली राष्ट्राध्यक्ष ज्युसेलिनो कुबिचेक यांनी. १९५७ च्या स्पर्धेत लुसिओ कोस्ता यांचा आराखडा निवडला गेला, प्रमुख वास्तूंची रचना ऑस्कर नीमायर यांच्याकडे आली आणि २१ एप्रिल १९६० रोजी राजधानीचे उद्घाटन झाले.

कोस्ता यांचा प्रस्ताव म्हणजे मोजमापांचा तक्ता नव्हता. तो मुख्यतः शब्दांत मांडलेला, काही रेखाटनांची जोड असलेला मजकूर होता. एखाद्या जागेवर ताबा सांगणारा माणूस जशी खूण करतो, तशा काटकोनात छेदणाऱ्या दोन अक्षांपासून त्याचा आरंभ होतो. एका अक्षावर शासन, दुसऱ्यावर निवास. निवासाचा घटक म्हणजे ‘सुपरक्वाद्रा’ : खांबांवर उचललेल्या सहा मजली इमारती, त्यांच्याखालून मोकळी जमीन, भोवती झाडांचा पट्टा. चंदीगडप्रमाणे येथेही ल कॉर्बुझिए यांच्या विचाराचा संस्कार आहे. १९३६ मध्ये रिओ येथील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीसाठी कोस्ता आणि नीमायर यांनी त्यांच्यासह काम केले होते. उच्चाधिकारी आणि कनिष्ठ कर्मचारी एकाच वसाहतीत राहतील व वास्तूच नवे सामाजिक संबंध घडवील, ही त्यामागील श्रद्धा होती. अर्थाची सारी सूत्रे कर्त्याच्या हाती ठेवणारी अशी ही संहिता होती.

या संहितेत एका वर्गाला स्थान नव्हते : ती प्रत्यक्षात उतरवणाऱ्या मजुरांना. ईशान्य ब्राझील, गोइयास, मिनास जेराइस येथून आलेल्या या ‘कांदांगों’नी बांधकाम संपताच निघून जावे, असे गृहीत होते. त्यांच्यासाठी १९५६ मध्ये वसवलेली ‘सिदादे लिव्रे’ ही लाकडी घरांची वस्ती पुढे पाडली जाणार होती. परंतु मजूर गेले नाहीत. मूळ नियोजनानुसार मुख्य नगरीची पाच लाखांची मर्यादा गाठल्यावरच उपनगरे वसायची होती. प्रत्यक्षात झोपड्यांतील लोकांच्या रेट्यामुळे तागुआतिंगा १९५८ मध्येच, म्हणजे राजधानीच्या आधी, अस्तित्वात आले. सिदादे लिव्रेच्या रहिवाशांनी संघटित होऊन १९६१ मध्ये आपल्या वस्तीला ‘नुक्लिओ बांदेइरांते’ या नावाने कायदेशीर मान्यता मिळवली. १९७१ मध्ये, लष्करी राजवटीत, सुमारे ८० हजार लोकांना हलवून सेइलांदिया वसवले गेले. ‘अतिक्रमण निर्मूलन मोहीम’ या पोर्तुगीज शब्दसमूहाच्या आद्याक्षरांवरून हे नाव सिद्ध झाले आहे. ज्यांनी नगरी बांधली तेच तिच्यातील अतिक्रमक ठरले, ही विसंगती त्या नावातच कोरलेली राहिली. दुसरीकडे, त्रिसत्ता चौकातील ब्रुनो जॉर्जी यांचे ‘योद्धे’ हे शिल्प लोकांनी ‘कांदांगो’ याच नावाने ओळखणे पसंत केले. प्रतिमेला केंद्रात जागा मिळाली, माणसांना समासात.

संहितेच्या आतही वाचकाने मुकाट स्वीकार केला नाही. पारंपरिक रस्त्याला या आराखड्यात स्थान नव्हते. म्हणून दुकानांची दर्शनी बाजू सुपरक्वाद्राकडे आणि पाठ वाहनांच्या मार्गाकडे योजली होती. सुरुवातीच्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी हा क्रम उलटवला : पाठीमागची बाजू दर्शनी झाली आणि नाकारलेला बाजाररस्ता परत आला. जेम्स होल्स्टन यांनी १९८९ च्या अभ्यासात या उलटापालटीकडे लक्ष वेधले आहे. सवयीचे नगरजीवन आराखड्यावर केलेले ते भाष्यच होते.

१९८७ मध्ये युनेस्कोने ब्राझिलियाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. संरक्षण लाभले ते मुख्य आराखड्याला. उपनगरे त्याच्या बाहेर राहिली. २०२२ च्या जनगणनेत संघीय जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांहून अधिक भरली आणि तिचा फारच थोडा हिस्सा मूळ आराखड्याच्या हद्दीत राहतो. बाकीच्यांपैकी अनेक लोक दररोज केंद्राकडे कामासाठी येतात. त्यांच्याविना केंद्राचा व्यवहार एक दिवसही चालणार नाही.

म्हणून प्रश्न कोस्ता यांची कल्पना विफल झाली की सफल, हा नाही. प्रश्न ‘ब्राझिलिया’ या नावाने कोणता मजकूर वाचायचा, हा आहे. केवळ दोन अक्ष वाचले तर कर्त्याच्या प्रतिभेचा इतिहास मिळतो. तागुआतिंगाचे १९५८ हे साल त्याच्याशेजारी ठेवले, तर त्या प्रतिभेची किंमत कोणी मोजली, हेही वाचता येते. समासातील मजकूर मागाहून जोडलेला नाही; तो मूळ लेखनाबरोबरच लिहिला गेला आहे. वारशाच्या व्याख्येत त्याला जागा मिळत नाही, तोवर जतन होते ते नगरीच्या अर्ध्याच इतिहासाचे.