तक्तपोशी : रंगवलेल्या लाकडी जमिनीचे नूतनीकरण

तुळया आणि कड्यांवर फळ्या अंथरून केलेल्या माडीच्या जमिनीला किंवा छताला तक्तपोशी म्हणतात. फारसीत ‘तख्ता’ म्हणजे फळी आणि ‘पोश’ म्हणजे आच्छादन. माडीवरच्या माणसाची जी जमीन, तेच खालच्या माणसाचे छत. म्हणूनच तिचा जुना रंग वर घासायला घेतला, की धूळ सांध्यांतून खालच्या खोलीत गळते.

रहाटणी, थेरगाव, पिंपळे सौदागर ही पवना नदीच्या बाजूची मूळची गावे आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहेत. इथल्या नव्या सोसायट्यांत तक्तपोशीऐवजी पायाखाली बहुधा व्हिट्रिफाइड फरशी असते. कुठे ‘वूडन फ्लोअरिंग’ दिसले, तरी ते अस्सल लाकूडच असेल असे नाही. लॅमिनेटमधली लाकडाची रेषा छापील कागदाची असते. त्यावर घासकाम केले, की रेषाच निघून जाते. इंजिनिअर्ड फळीवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो आणि तो मोजक्याच वेळा घासता येतो. पुन:पुन्हा घासून नवी करता येते ती फक्त सबंध लाकडाची, म्हणजे सागवानी तक्तपोशीसारखी जमीन.

जुन्या वाड्यांत फळ्यांवर अनेकदा मातीचा थर आणि त्यावर शेणाचे सारवण असे. अशा ठिकाणी माती काढण्याआधी कड्यांची टोके तपासतात. भिंतीत गेलेली टोके ओलीने आणि वाळवीने आधी खचतात. पटाशीचे टोक सहज आत रुतले, तर पॉलिशचा विचार बाजूला ठेवून आधी सुतार बोलवावा लागतो.

उघड्या फळ्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर चढलेले असतील, तर खरा धोका शिशाचा. पांढरा सफेदा, पिवळा क्रोम आणि शेंदरी प्रायमर ही तिन्ही शिशाची संयुगे. भारतात घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत 90 भागांवर आणणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाला शिसेयुक्त समजूनच हात लावणे बरे. अमेरिकेत घरांसाठी अशा रंगावर 1978 मध्येच बंदी आली. तिथे जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही हे वर्ष माहीत असावे लागते.

त्यामुळे अशा रंगावर कोरडे घासयंत्र चालवत नाहीत. रंग किंचित ओला करून पत्तीने खरवडतात आणि उरलेला वॉटर पेपरने काढतात. हॉट एअर गन वापरली तरी तापमान सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या बरेच खाली ठेवतात, कारण त्याच्या वर शिशाची वाफ होते. ब्लो लॅम्प तर वर्ज्यच. लहान मुले आणि गरोदर बाई यांना या दिवसांत घराबाहेर ठेवतात.

रंग पूर्ण निघून फळी वाळली, की खिळ्यांची डोकी आत ठोकून 40, मग 60 किंवा 80 आणि शेवटी 120 नंबरचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेने फिरवतात. आडवा हात फिरला, तर ओरखडा पॉलिशखाली उठून दिसतो.

मे महिन्यात फळ्यांमधल्या फटी रुंद दिसतात. त्या लांबीने गच्च भरल्या, तर पावसाळ्यात लाकूड फुगते आणि लांबी फुटून वर येते. सर्वात सोयीचा काळ दिवाळीनंतरचा. भर पावसात स्पिरिट पॉलिशही हवेतल्या दमटपणाने पांढुरके पडते.

हे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, पळस आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची देणगी. कपाटाला ते शोभते, पण जमिनीवर सांडलेले पाणी किंवा टेकवलेले गरम पातेले त्याचा डाग ठेवून जाते. वर्दळीच्या खोलीसाठी पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ. जवसाचे तेल मात्र लाकडात मुरते, आणि झिजलेला भाग तेवढाच पुन्हा तेलावता येतो.

तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना जवसाच्या तेलाला उष्णता सुटते आणि ढिगाऱ्यात ती कोंडते. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत लाकडी पॅनेलिंगला पॉलिश करणाऱ्यांच्या अशाच चिंध्यांनी बाविसाव्या मजल्यावर पेट घेतला. तीन अग्निशमन जवान दगावले. इकडे 1828 च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी मजले गेले आणि दगडी जोती उरली. आगीचे कारण काहीही असो, लाकडी मजला तिच्यापुढे किती तग धरतो ते त्या जोत्यांवर दिसते. चिंध्या म्हणून उघड्यावर एकेरी पसरून वाळवतात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवतात.

रंगाचे रिकामे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. खरवडलेला रंगही वेगळा बांधून त्यांच्यासोबतच द्यावा. काढून टाकलेल्या रंगीत फळ्यांचे तुकडे बंबात घालण्याचा मोह होतो. त्यातले शिसे मात्र धुरातून घरभर पसरते, आणि राख कुंडीत टाकली की मातीतही उतरते.