मुरुमाच्या वाटेसाठी सायकल : जुनी सुधारावी की नवी घ्यावी?

खडी, मुरूम आणि मातीच्या रस्त्यांवरून दूरवर सायकल चालविण्याच्या छंदाला पाश्चात्त्य देशांत ‘ग्रॅव्हल रायडिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे 2006 मध्ये सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीने या प्रकाराला मोठी प्रसिद्धी मिळवून दिली. 2022 मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आपल्याकडील शहरी सायकलपटूही आता डांबर सोडून आडवाटांकडे वळू लागले आहेत. अशा वेळी पहिला प्रश्न पडतो तो पैशाचा. घरातली सायकलच सुधारून घ्यावी, की खास या कामासाठी बनविलेली नवी विकत घ्यावी?

याचे उत्तर रस्त्यावर अवलंबून असल्याने आधी रस्ता पाहू. उदाहरणादाखल वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनजचा परिसर घेता येईल. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. परंतु त्यावर मोटारसायकलींनाही मज्जाव आहे, तेथे सायकलीची काय कथा! सायकलस्वाराच्या वाट्याला येतात ते गावरस्ते आणि शेतांकडे जाणारे पांदण रस्ते. वऱ्हाडातील हा प्रदेश बेसॉल्ट खडकाचा आणि त्यापासून बनलेल्या काळ्या मातीचा. मुरूम दाबून बसलेला असला तरी त्यावर सुटी चुरी असते आणि वळणावर चाक घसरते. खडीकरण झालेल्या पण डांबर न पडलेल्या रस्त्यावर सुटे दगड टायरला ठोसे देतात. काळ्या मातीत पावसाळ्यात उमटलेल्या बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या टणक होतात. अशा ठिकाणी 25 मिलिमीटर रुंदीचा कडक टायर निरुपयोगी ठरतो. साधारणपणे 38 ते 45 मिलिमीटर रुंदीचा, कमी हवा भरलेला टायर येथे लागतो.

म्हणून सायकल सुधारण्याचा विचार करताना प्रथम मोजायची ती फ्रेम आणि चिमटा यांमधील मोकळी जागा. मागील चाकाजवळ, पायडलच्या आसामागे जेथे फ्रेमच्या दोन नळ्या सर्वांत जवळ येतात, तेथे मोजावे. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान 5-6 मिलिमीटर जागा उरली पाहिजे. अन्यथा चिखल आणि खडे अडकून रंग खरवडला जातो, प्रसंगी चाकच जाम होते. टायर, साखळी, गिअर, हँडल, सीट हे सारे बदलता येते. फ्रेममधली जागा मात्र विकत मिळत नाही. डिस्क ब्रेक बसविण्याच्या खुंट्या फ्रेमवर नसतील तर त्याही मागाहून लावणे शहाणपणाचे नाही.

या एका कसोटीवर बऱ्याच सायकलींचा निकाल लागतो. डांबरी रस्त्यासाठीच्या जुन्या रेसिंग सायकलीत, विशेषतः रिमला पकडणारे आखूड ब्रेक असतील तर, बहुधा 28 मिलिमीटरपलीकडचा टायर मावत नाही. तिच्यावर खर्च करू नये. ती डांबरावरच ठेवावी. हायब्रिड सायकलीत 38 ते 40 मिलिमीटरचा टायर बहुधा मावतो. पुढचे शॉकअप नसलेली, 26 इंची चाकांची जुनी एमटीबी तर या कामाला उत्तम. जागा भरपूर, गिअर हलके आणि फ्रेम दणकट. तिला कमी नक्षीचे, लवकर फिरणारे टायर घातले की अर्धे काम झाले. मात्र तिला रेसिंगचे वाकडे हँडल लावण्याचा मोह टाळावा. एमटीबीची वरची नळी लांब असते, त्यामुळे हात फार पुढे ताणले जातात. शिवाय व्ही-ब्रेकला जितकी केबल ओढावी लागते, तितकी त्या हँडलचे नेहमीचे लिव्हर ओढत नाहीत, आणि ब्रेक अर्धवट लागतो. उतारावर हे जिवावर बेतू शकते.

गंमत म्हणजे ‘रुंद टायर’ ही ग्रॅव्हलवाल्यांची नवलाई वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा 28 बाय दीड इंची टायर सुमारे 40 मिलिमीटर रुंदीचाच! तरीही ही सायकल सुधारणे कठीण. तिच्या रिमचा व्यास 635 मिलिमीटर, तर आजच्या ग्रॅव्हल टायरचा 622. त्यामुळे नवा टायर तिच्यावर चढत नाही. पुढे 44 आणि मागे 18 दातांची चक्रे असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. ग्रॅव्हल सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये हेच अंतर दोन मीटरच्या आसपास येते. सुट्या मुरुमाच्या चढावर हा फरक गुडघ्यांना कळतो.

जागा पुरेशी निघाली तर पुढची पाहणी झिजेची. साखळीचे 12 पूर्ण जोड नवे असताना 304.8 मिलिमीटर भरतात. पट्टीवर ते दीड मिलिमीटरने अधिक भरले तर साखळी बदलावी. तीन मिलिमीटरने अधिक असतील तर मागची दातेरी चक्रेही गेली असे समजावे. फ्रेम धुऊन उजेडात पाहावी. पायडलच्या आसाजवळ आणि हँडलखालच्या जोडावर रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि फ्रेम ॲल्युमिनियमची असेल, तर ती निकालात काढावी. पोलादी फ्रेम चांगला कारागीर जोडू शकतो. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग भोवतालचा भाग कमजोर करते.

यानंतर हिशेब मांडावा. केवळ टायर, ट्यूब, साखळी आणि केबली बदलायच्या असतील तर सुधारणाच बरी. चाके, ब्रेक आणि गिअरही बदलावे लागत असतील आणि खर्च नव्या सायकलीच्या निम्म्यावर जात असेल, तर जुनी तशीच ठेवून नवीसाठी पैसे जमवावेत, असे आमचे मत. सुटे भाग एकेक घेतल्यास ते पूर्ण सायकलीपेक्षा नेहमीच महाग पडतात.

नवी घेतली तरी बाभळीचे काटे आणि सराटे टळत नाहीत. ट्यूबविरहित टायरमध्ये घातलेले द्रव बारीक भोके आपोआप बुजविते. जुन्या रिमवर ते जमत नसेल तर ट्यूबमध्येच असे द्रव भरावे आणि एक ट्यूब जवळ बाळगावी. सोबत मागच्या गिअरचा हँगरही ठेवावा. तो प्रत्येक फ्रेमचा निराळा असतो, आणि खेड्यातल्या सायकल दुकानात काळ्या सायकलीचे छर्रे मिळतील, हा मिळण्याची शक्यता कमीच. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण मात्र टाळावी. तो चिखल टायरला असा चिकटतो की कितीही मोकळी जागा असो, चार पावलांत सायकल खांद्यावर घ्यावी लागते.