शुद्ध प्रतीचा प्रश्न

सदलगा हे चिक्कोडी तालुक्यातले, दूधगंगेकाठचे गाव. निपाणी, चिक्कोडी आणि महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचे इचलकरंजी ही जवळची मोठी गावे. या पट्ट्यात संगणक कसा रुजला हे सांगताना आपण संस्थांची यादी देतो: बेळगावचे गोगटे इन्स्टिट्यूट १९७९चे, इचलकरंजीचे डीकेटीई १९८२चे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८चे. ही यादी खरी आहे, पण तिच्यात लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा प्रवास सापडत नाही. तो समजून घ्यायचा तर सीडीकडे पाहावे लागते, आणि विशेषतः राईट केलेल्या सीडीवरून लिनक्स पहिल्यांदा इन्स्टॉल करताना येणाऱ्या अडचणींकडे. त्या अडचणींनी लहान गावांतल्या शिकणाऱ्यांना एक शिस्त दिली, ती म्हणजे प्रत हाती आली की आधी ती शुद्ध आहे का हे तपासायचे. त्या काळाचा सर्वांत टिकाऊ ठेवा मी हाच मानतो.

सीडीच का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स १९९१ मध्ये जगापुढे ठेवले. आपल्याकडे विदेश संचार निगमची सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तीही मोठ्या शहरांत. पुढे ५६ केबीपीएसचा मोडेम आला. तो पूर्ण वेगाने, एकदाही न तुटता चालला असे धरले, तरी ७०० एमबीची एक सीडी उतरवायला सुमारे २९ तास लागणार. रेड हॅट ९ या लिनक्सच्या आवृत्तीसाठी तर अशा तीन सीडी लागत. म्हणून लिनक्स तारेऐवजी रस्त्याने आले. 'पीसी क्वेस्ट' मासिकाने १९९६ मध्ये लिनक्सची सीडी वाचकांपर्यंत पोचवायला सुरुवात केली. त्या उपक्रमाचे प्रवर्तक अतुल चिटणीस हे बेळगावात शिकलेले अभियंते होते. पुढे बंगळूरमधली 'लिनक्स बेंगलोर' ही परिषदही त्यांनीच उभी केली. २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' हे मासिक निघाले. उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती काढणारे तर २०११ पर्यंत मागणाऱ्याला टपालाने फुकट सीडी पाठवत होते.

मासिकाची सीडी कारखान्यात छापलेली असे. खरा प्रश्न तिच्यावरून केलेल्या प्रतीचा होता. लिनक्सचा परवाना प्रत करायला मोकळीक देतो, पण प्रत अचूक निघेल अशी हमी देत नाही. राईट करताना माहितीचा ओघ तुटला की सीडी वाया जाई. वेग जास्त ठेवला, तर ती वरकरणी पूर्ण दिसे आणि इन्स्टॉल मध्येच थांबे. जुन्या ड्राइव्हला छापील सीडी वाचता येई, राईट केलेली वाचताना तो अडखळे. कोणी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, प्रतिमा म्हणून न उतरवता साधी फाइल म्हणून टाकली, तर सीडीत एकच मोठी फाइल दिसे आणि संगणक तिच्यावरून सुरूच होत नसे. तिथे संगणकाने आधी कोणत्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचे याचा बायोसमधला क्रम बदलून काही साधत नसे. उलट सीडी चांगली असूनही बायोसचा क्रम चुकलेला असला, तर संगणक तिच्याकडे वळतच नसे. दोन्ही वेळी पडद्यावर जुनेच विंडोज सुरू होई. लक्षण एक आणि कारणे दोन, म्हणून क्रमाने तपासण्याला पर्याय नव्हता: आधी फाइल, मग सीडी, मग ड्राइव्ह, मग बायोस, आणि शेवटी हार्ड डिस्क. डिस्कवरून लिनक्स सुरू करणारा लिलो हा बूटलोडरही असेच टप्पे पडद्यावर दाखवी. एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावातले एकेक अक्षर उमटवी. 'एल' आणि 'आय' या दोन अक्षरांवर थांबला, तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचला गेला, पण चालू झाला नाही, हे कळे.

हस्तलिखितांच्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. प्रतीवरून प्रत होत गेली की चुकाही पुढे जातात. म्हणूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्या कामाला एकनाथांचा अधिकार लागला. लिनक्सच्या प्रतीसाठी मात्र एमडी५ची, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली, बत्तीस चिन्हे पुरत. मूळ प्रकाशकाने जाहीर केलेली चिन्हे आणि आपल्या फाइलवरून काढलेली चिन्हे जुळली, की प्रत शुद्ध. फाइल उतरवायला २९ तास लागोत, ही बत्तीस चिन्हे कागदावर लिहून आणता येतात, फोनवरही सांगता येतात. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या गावाला यामुळे पडताळणीचा समान अधिकार मिळाला.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की अडचणी सीडीच्या नव्हत्या, लिनक्सच्याच होत्या. यात तथ्य आहे. ज्या मोडेमचे निम्मे काम विंडोजमधले सॉफ्टवेअर करी, ते लिनक्सवर मुके राहत, आणि त्यांचा ड्रायव्हर शोधायला पुन्हा इंटरनेटच लागे. पण दोष मोडेमचा आहे हे ठामपणे म्हणण्यासाठी आधी प्रत निर्दोष आहे हे सिद्ध व्हावे लागे. दुसरा आक्षेप असा की विंडोजच्या चोरट्या प्रतीही सीडीवरूनच पसरल्या, मग लिनक्सचे वेगळेपण काय? चोरट्या प्रतीत कोणी काय घातले किंवा काढले, याचा जाब विचारायला जागा नव्हती. लिनक्सची प्रत मूळ प्रकाशकाच्या चिन्हांशी पडताळता येई. तिसरा आक्षेप एमडी५वरच आहे: २००४ मध्ये संशोधकांनी त्याची कमजोरी दाखवून दिली. ती कमजोरी जाणूनबुजून केलेल्या बनावटीपुढची. राईट करताना झालेली मोडतोड ओळखायला ते पुरेसे होते.

म्हणून लिनक्स किती घरांत टिकले, एवढ्यावर या काळाचे मोल ठरवू नये. बिघाडाचे टप्पे पाडणे, एका वेळी एकच शक्यता तपासणे आणि सांगणाऱ्याच्या अधिकाराऐवजी पुराव्यावर विश्वास ठेवणे, या सवयी त्या सीडीने लावल्या. राईट केलेल्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो, त्यामुळे हा पुरावा आता हातचा जाऊ लागला आहे. बेळगाव, चिक्कोडी, निपाणी आणि इचलकरंजीच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी कपाटांतल्या मासिकांच्या आणि राईट केलेल्या सीडी बाहेर काढाव्यात, त्यांच्या प्रतिमा उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येकीजवळ तिची पडताळणीची चिन्हे नोंदवून ठेवावीत. सीमाभागाचा हा इतिहास लिहिणाऱ्याला साधने लागणार आहेत, आणि तीही शुद्ध प्रतीतच मिळायला हवीत.