उत्पादक-दायित्व
सदोष वस्तूमुळे इजा झालेल्या व्यक्तीस, तिचा उत्पादकाशी प्रत्यक्ष करार झालेला नसतानाही, त्याच्याकडून नुकसानभरपाई मिळवून देणारे विधितत्त्व. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते मुख्यतः घटकराज्यांच्या उच्चतम न्यायालयांनी घडविले. संविदा व अपकृत्य यांविषयीचा राज्य-न्यायालयाचा निर्णय तेथे संघीय न्यायालयांनीही मानावयाचा असतो, हे ईरी रेलरोड कंपनी विरुद्ध टॉम्पकिन्स (१९३८) या वादात ठरले.

तत्पूर्वीचा नियम इंग्लंडमधील विंटरबॉटम विरुद्ध राइट (१८४२) या वादातून आलेला होता. टपालगाडी मोडून जखमी झालेल्या चालकाचा दावा, गाडीच्या देखभालीचा करार त्याच्याशी झालेला नव्हता म्हणून फेटाळण्यात आला. असे दावे मान्य केल्यास त्यांना अंत राहणार नाही, अशी न्यायाधीशांना धास्ती होती. पुढे कारखानदारीच्या युगात या नियमाने ग्राहक निराधार झाला. कारण त्याचा करार असे दुकानदाराशी आणि दोष घडे कारखान्यात.

न्यूयॉर्कच्या न्यायालयाने प्रथम एक अपवाद केला. (त्या राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे प्रारंभिक सुनावणीचे न्यायालय असून सर्वांत वरिष्ठ न्यायालयास ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात.) टॉमस विरुद्ध विंचेस्टर (१८५२) या वादात बेलाडोना या विषारी अर्काच्या बरणीवर निरुपद्रवी औषधाची चिठ्ठी लावली गेली होती. विषासारख्या प्राणघातक वस्तूंबाबत कराराची अट लागू नाही, असे न्यायालयाने म्हटले. मॅक्फर्सन विरुद्ध ब्यूइक मोटर कंपनी (१९१६) या वादात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी या अपवादाचाच नियम केला. मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे मोडून मालक जखमी झाला होता. चाक दुसऱ्या कारखान्याचे होते. तथापि साध्या तपासणीत दोष आढळला असता. निष्काळजीपणे बनविल्यास जी वस्तू जीवितास धोका करील आणि जी खरेदीदाराव्यतिरिक्त इतरांच्या वापरात येणार हे उत्पादकास ठाऊक असते, तिच्याबाबत काळजी घेणे हे करारनिरपेक्ष कर्तव्य होय, असे त्यांनी ठरविले. जुन्या नियमाने कंपनी जबाबदार होती ती केवळ विक्रेत्यास, म्हणजे मोटार स्वतः न वापरणाऱ्यास. ही विसंगती त्यांनी नेमकी दाखविली. मुख्य न्यायाधीश बार्टलेट यांचे मत मात्र विरुद्ध होते. स्कॉटलंडमधील डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) या वादाच्या प्रसिद्ध निर्णयात या निकालाचा आधार घेतला गेला.

तरीही हयगय सिद्ध करण्याचा भार वादीवरच राहिला, आणि कारखान्यात काय घडले याचा पुरावा त्याने आणावा कोठून? कॅलिफोर्नियातील एस्कोला विरुद्ध कोका-कोला बॉटलिंग कंपनी (१९४४) या वादात बाटली हातात फुटून एक परिचारिका (उपाहारगृहातील वाढपी) जखमी झाली. बहुमताने घटनेवरूनच हयगयीचे अनुमान काढले. न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी स्वतंत्र सहमतिपत्रात, दोष टाळण्याची आणि हानीचा खर्च किंमतीत विभागण्याची क्षमता उत्पादकाकडेच असल्याने हयगयीचा प्रश्नच गैरलागू मानला. न्यू जर्सीच्या न्यायालयाने हेनिंगसेन विरुद्ध ब्लूमफील्ड मोटर्स (१९६०) या वादात छापील करारातील हमी नाकारणारे कलम अवैध ठरविले. ट्रेनर यांचे मत ग्रीनमन विरुद्ध यूबा पॉवर प्रॉडक्ट्स (१९६३) या निर्णयात एकमताने विधी बनले.

अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने १९६५ मध्ये हे तत्त्व आपल्या अपकृत्यविषयक संहितेत समाविष्ट केल्यावर बहुतेक राज्यांनी ते स्वीकारले. व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना यांनी नाही. रचनेतील दोष व अपुरी सूचना यांबाबत १९९८ च्या आवृत्तीत वाजवीपणाची कसोटी पुन्हा आली. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये या विषयाचे स्वतंत्र प्रकरण असून तो २०२० मध्ये अंमलात आला.