प्लेगची तपासणी आणि घरचा उंबरठा

शाळामास्तराचें आयुष्य हजेरीपटांत जातें. पटावर ‘गैरहजर’ एवढेंच लिहिण्याची सोय असते. मुलगा कां आला नाहीं, यास रकाना नसतो. तें कळावयास त्याच्या घरीं जावें लागतें. आज जो प्रसंग आपणांपुढें मांडावयाचा आहे, तो अशाच रकान्यांचा व उंबरठ्यांचा आहे.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. रोग्यांस सक्तीनें हलविण्याचा हुकूम निघाला, तेव्हां गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ऑक्टोबर संपतां संपतां कमिशनर स्नो यांस तो हुकूम सैल करावा लागला. शहर साफ ठेवणारे हलालखोरच पळून जातील, ही त्यांची मोठी धास्ती होती.

पुढें फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. कलमें अवघीं चार, पण अधिकार अफाट. पुण्यास रँडसाहेबांची कमिटी आली आणि मार्चांत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर फिरूं लागल्या. हेतु रोग हुडकण्याचाच होता, हें कबूल केलें पाहिजे. परंतु देवघर कोणतें, बाळंतिणीची खोली कोणती, हें परक्या शिपायास कसें कळावें? २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांवर गोळी झाडली गेली, आणि ३ जुलैस ते वारले.

त्याच मार्चांत, १० तारखेस, सावित्रीबाई फुले यांचें प्लेगनें निधन झालें. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं आपल्या पाठीवर घेऊन डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यांत पोंचविलें होतें. हुकूम बजावण्याचा कसलाहि अधिकार त्या बाईपाशीं नव्हता.

मला मात्र अधिक विचार करावासा वाटतो तो प्रोफेसर गोखले यांचा. ज्यांचें अंकगणित पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून शिकविलें गेलें, तेच हे गोपाळराव. ते १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्षीसाठीं विलायतेस होते. पुण्याहून शिपायांच्या अत्याचारांचीं पत्रें गेलीं. त्यांनीं विश्वासानें तीं गाऱ्हाणीं तेथील पत्रांतून प्रसिद्ध केलीं. परत आल्यावर सरकारनें पुरावा मागितला. पत्रलेखकांपैकीं कोणी पुढें येईना. जेथें घरच्या स्त्रीच्या अब्रूचा प्रश्न, तेथें कोणतें कुटुंब चारचौघांत साक्ष देईल? कायद्यास नांवनिशी हवी, आणि नांव सांगणें हीच तर त्या घराची दुसरी बेअब्रू. गोपाळरावांनीं जाहीर माफी मागितली. सरकारची बाजू कागदावर निर्दोष ठरली; इकडे स्वकीयांनींहि त्यांची निर्भर्त्सना केली. त्यांनीं माफी मागावयास नको होती, असें म्हणणारे आजहि भेटतात. माझें मत तसें नाहीं. जें सिद्ध करतां येत नाहीं तें मागें घेणें, हें गणिताच्या शिक्षकास शोभणारेंच होय.

पण खरें पाहण्याजोगें तें पुढेंच. साथ पुनः उसळली तेव्हां हेच गोपाळराव स्वयंसेवक होऊन प्लेगच्या कामांत शिरले. आदल्याच वर्षीं ज्या सरकारनें त्यांस मान खालीं घालावयास लाविली, त्याच्याच तपासणीचें हें काम. आणि ज्या शहरानें त्यांस दूषण दिलें, त्याच शहराचीं हीं दारें. आंत मात्र या वेळीं शिपाई नव्हे, तर ओळखीचा मास्तर उभा होता.